निगमची वही उघडी हवी, आपली समग्र आयडी नको: इंदूरकरांनी काय मागायचं, कसं मागायचं?

रामबागकर (धागा सुरू करणारा)

मंडळी, दरवर्षी निगमचं, म्हणजे आपल्या महापालिकेचं, बजेट आलं की पेपरात पहिल्या पानावर आकडा झळकतो. इतके हजार कोटी, इतके पूल, इतके रस्ते. सभागृहात दोन दिवस भांडणं होतात आणि विषय मिटतो. मला त्या आकड्याबद्दल बोलायचं नाही. बजेट पास झालं म्हणजे नुसती परवानगी मिळाली. पैसा पुढे कुठल्या गल्लीत, कुठल्या कामावर, कुणाच्या सहीनं गेला हे आपण बघत नाही, आणि गडबड तिथेच होते.

2024 मध्ये आपल्या शहरात जे बाहेर आलं ते आठवा. ड्रेनेजची लाइन टाकलीच नव्हती, पण फाइल होती, सह्या होत्या आणि बिल लागलं होतं. सुरुवातीला पाच फर्म आणि जवळपास 28 कोटी असा आकडा होता, पुढे तपास पसरत ईडीपर्यंत गेला. आरोपींमध्ये इंजिनिअर होते, ठेकेदार होते आणि बिलं तपासायला बसवलेले ऑडिटचे लोकही होते. आतल्या आत लक्ष ठेवायची जी सोय होती तीच फुटलेली. मग उरतो फक्त त्या गल्लीत राहणारा माणूस. "तुमच्याकडे मागच्या वर्षी रस्ता खोदून पाइप टाकले का हो?" एवढं कुणी विचारलं असतं तर त्यानं उभ्या उभ्या उत्तर दिलं असतं. पण आपल्या गल्लीच्या नावानं फाइल फिरतेय हेच त्याच्या कानावर नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी, 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचं, म्हणजे जुन्या विहिरीवरचं, छत खचलं आणि 36 माणसं गेली. तिथल्या बांधकामाबद्दल निगमची नोटीस आधीच निघालेली होती. धोका कागदावर होता, पण छतावर पूजेला बसलेल्यांपर्यंत तो कागद कधी आला नाही. 2025 च्या डिसेंबरअखेर भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली. पुन्हा तेच प्रश्न: लाइन बदलायचं काम कागदावर कधी आलं, कुठे अडलं, पाण्याच्या तपासणीचे रिपोर्ट कुणी वाचले? हे कागद कुणाच्या तरी कपाटात असतात आणि माणसं मेल्यावर बाहेर येतात. हे मला सहन होत नाही.

आता दुसरी बाजू. मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्य सरकारच्या ओळख क्रमांकाशिवाय, पान हलत नाही. कुटुंबाची 8 आकडी, माणसाची 9 आकडी. रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती, लाडली बहना, सगळं तिच्यावर चालतं. आधार, मोबाइल, बँक खातं तिच्याशी जोडलेलं. आपलं अख्खं घर सरकारसमोर मांडलेलं असतं आणि आपण माहितीच्या अधिकारात एका कामाची फाइल मागितली की उत्तर येतं, "वैयक्तिक माहिती आहे, देता येणार नाही." 14 नोव्हेंबर 2025 पासून हे उत्तर देणं कायद्यानंच सोपं करून ठेवलंय.

मला वाटतं हे सरळ उलटं चाललंय. सरकारी पैसा जो खर्च करतो, ज्याची सही चालते, त्याचं कामकाज उघडं पाहिजे. जो कर भरतो, योजना घेतो, नळाचं पाणी पितो, त्याची माहिती झाकलेली पाहिजे. म्हणून प्रत्येकानं आपल्या गल्लीतलं फक्त एक काम धरावं आणि त्याचे कागद मागावेत. कोणते, ते जाणकारांनी सांगावं.

हिशेबनीस

रामबागकर, विषय चांगला काढलात. मी आयुष्यभर सरकारी हिशेबात काम केलं, आता निवृत्त आहे. बजेट कसं वाचायचं तेवढं सांगतो.

निगमच्या बजेटच्या पुस्तकात प्रत्येक मदापुढे, म्हणजे खर्चाच्या बाबीपुढे, साधारण तीन आकडे असतात: येत्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. बातमी येते ती पहिल्या आकड्याची. तुम्ही तिसरा बघा. एखाद्या मदाला दरवर्षी भरघोस तरतूद होते आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्या पाव भागही होत नसेल, तर ती तरतूद भाषणापुरती आहे असं समजा. आणि जिथे सुधारित अंदाज मूळ अंदाजाच्या कितीतरी वर गेलाय तिथे विचारायचं की वाढीला मंजुरी कधी आणि कुठल्या ठरावानं मिळाली.

दुसरं, हिशेब बघायला निगमच्या दारात जायलाच हवं असं नाही. पंधराव्या वित्त आयोगानं शहरांना मिळणाऱ्या अनुदानाला अटच घातली होती की ऑडिट झालेले हिशेब ऑनलाइन टाकायचे. त्यासाठी केंद्राचं सिटीफायनान्स नावाचं पोर्टल आहे. तिथे शहर निवडा, वर्ष निवडा, ताळेबंद मिळतो.

तिसरी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर निगमनं 244 कोटींचे ग्रीन बाँड काढले, जलूदच्या 60 मेगावॉटच्या सोलर प्लांटसाठी. नर्मदेचं पाणी तिथून चढवून आणायला जी वीज लागते तिचं बिल कमी व्हावं म्हणून. 8.25 टक्के व्याज होतं आणि सामान्य माणसालाही ते घेता येत होते. बाजारात बाँड विकायचा म्हणजे सेबीच्या नियमानं माहितीपत्रक काढावं लागतं. निगमची कमाई, देणी, कोर्टातली प्रकरणं, धोके, सगळं त्यात. इतकं सविस्तर निगमनं आपल्या करदात्याला कधी सांगितलं नसेल. गुंतवणूक करणाऱ्याला ज्या गोष्टी सांगाव्या लागतात त्या मालमत्ता कर भरणाऱ्याला का सांगत नाहीत, हा प्रश्न मी पार्षदांना (नगरसेवकांना) समोरासमोर विचारलाय आणि विचारत राहणार.

साइटवरचा

मी ठेकेदाराकडे काम करतो, त्यामुळे दोन शब्द दुसऱ्या बाजूनंही. माहितीचा अधिकार वापरून पैसे उकळणारे लोक आहेत. अर्ज टाकतात, मग फोन करतात, "मिटवून घ्या." सबइंजिनिअरच्या घरचा पत्ता, बायकोची नोकरी, पोरांची शाळा, असलं काहीबाही मागतात. अशा माणसाला ही माहिती मिळू नये असंच मी म्हणेन. तेव्हा कायद्यात बदल झाला तो अगदी उगीच, असं समजू नका.

पण रामबागकर जे म्हणतायत त्याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. प्रामाणिकपणे काम करणारा ठेकेदारसुद्धा खोट्या बिलवाल्यामुळे मरतो. त्याचा रेट त्यांच्यासमोर टिकत नाही, कारण त्यांना खडी-सिमेंट घ्यायचंच नसतं.

कागद सांगतो. एका कामाचे हे मागा: प्रशासकीय मंजुरी, एस्टिमेट, वर्क ऑर्डर, मेझरमेंट बुकची त्या कामाची पानं, लागलेली सगळी बिलं, मटेरियल टेस्टचे रिपोर्ट आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. यात खरा जीव मेझरमेंट बुकात. आपण तिला एमबीच म्हणतो. पानांवर छापील नंबर असतात. लांबी, रुंदी, खोली, त्यातून निघालेलं परिमाण, मोजणीची तारीख, मोजणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. बिलावर एमबीचा नंबर आणि पान लिहिलेलं असतं.

तीन तारखा शेजारी ठेवा: वर्क ऑर्डर, मोजणी, बिल. वर्क ऑर्डर निघून चार दिवस झाले आणि दोनशे मीटर लाइन मोजूनही झाली, असं दिसलं तर तिथेच थांबा. काँक्रीटचा रस्ता असेल तर क्यूब टेस्ट बघा. 15 सेंटीमीटरचे ठोकळे, 7 दिवसांनी आणि 28 दिवसांनी दाबून बघतात. 28 दिवसांचा रिपोर्ट यायच्या आत शेवटचं बिल निघालं असेल तर विचारायला जागा आहे. आणि गॅरंटी पिरियड किती, सुरक्षा ठेव सोडली का, हेही विचारा. रस्ता पहिल्या पावसात उखडला आणि ठेव परत गेली असेल तर दुरुस्तीचा खर्च आपल्याच खिशातून जाणार.

सुदामानगरवाली

साइटवरचे दादा, फार उपयोगी लिहिलंत. मला मात्र दुसऱ्या टोकाबद्दल बोलायचंय, कारण बायकांना त्याचा जास्त त्रास होतो.

आमच्या भागात एका योजनेची यादी कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. नाव, नवऱ्याचं नाव, समग्र नंबर, मोबाइल, सगळं. त्यात एक बाई परित्यक्ता म्हणून नोंदलेली. तिनं ही गोष्ट गल्लीत कुणाला सांगितलेली नव्हती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. त्यानंतर काही दिवस तिला "केवायसी करायचीय, ओटीपी सांगा" म्हणून फोन येत होते. ती दार लावून बसली होती, भाजी आणायलासुद्धा खाली उतरेना.

यादी लावू नका असं मी म्हणत नाही. यादी लागली नाही तर अपात्र नावं घुसतात आणि खरी गरजू बाई बाहेर राहते, हेही मी पाहिलंय. पण गावाला कळायला हवं ते एवढंच, की कुणाचं नाव मंजूर झालं आणि किती रक्कम. मोबाइल नंबर कशाला? आधारचे शेवटचे आकडे कशाला? विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, आजार, हे रकाने चारचौघांत कशाला? सरकारवर नजर ठेवायची म्हणून आपण गरिबाचं आयुष्य चव्हाट्यावर मांडणार असू तर मी त्यात नाही.

पुण्यातला इंदूरकर

ताई, तुम्ही जे मांडलंत त्यावरच सगळी चर्चा अडलेली आहे. मी विदा (डेटा) आणि खासगीपण याच विषयात काम करतो, मूळचा इंदूरच्या लोकमान्य नगरचा. कायदा जरा उलगडून सांगतो.

24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर कायदा हवा, कारण खरं हवं आणि जेवढी गरज तेवढंच घ्यायचं. त्यातून पुढे 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम 44(3) नं माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(j) ला, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायच्या तरतुदीला, हात लावला.

आधी काय होतं? वैयक्तिक माहिती नाकारता यायची, पण ती सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली हवी किंवा दिल्यानं कुणाच्या खासगीपणावर विनाकारण आक्रमण व्हायला हवं. व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. शिवाय एक सुंदर ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा विधानसभेला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारायची नाही. ती ओळ गेली, अटी गेल्या, "वैयक्तिक माहितीशी संबंधित" एवढंच उरलं. त्या नावाखाली काय नाकारता येणार नाही? सही वैयक्तिक, ठेकेदाराचं नाव वैयक्तिक, जात प्रमाणपत्र वैयक्तिक.

आणि मला सर्वात जास्त डाचतं ते वेळापत्रक. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. माहिती अधिकाराची काटछाट त्याच दिवशी लागू. आपल्या वैयक्तिक माहितीचं रक्षण करणारी मुख्य कलमं, म्हणजे विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, चुकीचं असेल तर दुरुस्त करायचं, फुटलं तर कळवायचं, ती 18 महिन्यांनी. म्हणजे नागरिकाला जे मिळायचं ते 2027 मध्ये आणि त्याच्याकडून जे काढून घ्यायचं ते लगेच. त्यातही याच विदा कायद्याच्या कलम 17 मध्ये सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून सूट देता येते आणि कलम 7 प्रमाणे सवलती-योजनांसाठी संमतीशिवाय विदा वापरता येतो.

डिसेंबर 2023 मध्ये आपल्या राज्याच्या ई-नगरपालिका पोर्टलवर सायबर हल्ला झाला होता आणि मालमत्ता कर, पाणीपट्टी, दाखले सगळं ठप्प झालं होतं. 400 हून जास्त शहरांचं काम त्या एका पोर्टलवर. त्यात नागरिकांच्या कोणत्या नोंदींना धक्का लागला, हे त्या नागरिकांना घरी पत्र पाठवून सांगायला हवं होतं असं मला वाटतं.

लष्करवाला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून लिहितोय. 8(1)(j) चं असं झालं म्हणजे आता अर्ज करूनच काय उपयोग? 181 या सीएम हेल्पलाइनवर तक्रार केली की एल-1 पासून एल-4 पर्यंत चढते आणि शेवटी फोर्स क्लोज होते, म्हणजे जबरदस्तीनं बंद केली जाते. माहिती आयोगात 2024 मध्ये कित्येक महिने एकही आयुक्त नव्हता. कुणाकडे दाद मागायची?

पुण्यातला इंदूरकर

लष्करवाले, उपयोग आहे. दोन दारं अजून उघडी आहेत आणि ती आपण ठोठावली नाहीत तर तीही गंजतील.

पहिलं, माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(2). सूट कुठलीही असो, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे त्यात आहे आणि त्याला हात लागलेला नाही. अर्जातच एक ओळ लिहायची: ही माहिती सार्वजनिक निधीच्या खर्चाची आहे, म्हणून 8(2) चा विचार व्हावा. कारण सांगायची सक्ती नसते, 6(2) तसं म्हणतं, पण ही ओळ पुढे अपिलात कामाला येते.

दुसरं, कलम 4. कुणी न मागता कार्यालयानं स्वतःहून काय जाहीर करायचं त्याची यादी तिथे आहे. अधिकाऱ्यांची सूची, त्यांचा मासिक पगार, प्रत्येक विभागाचं बजेट आणि खर्च, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या आणि लाभ कुणाला मिळाला. कायद्यानंच जाहीर करायला सांगितलेलं पद आणि पगार हे "वैयक्तिक" म्हणून कुणी नाकारलं तर त्याला कलम 4 दाखवा. आणि कलम 10 विसरू नका. कागदात एखादा भाग खरोखर खासगी असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यायचा असतो. सुदामानगरवाली ताईंची अडचणही त्याच कलमानं सुटते: यादी द्या, मोबाइलचा रकाना काळा करून द्या.

दांडियाबाजार

बडोद्याहून नमस्कार. आमच्याकडे गुजरातेत माहिती अधिकाराच्या अर्जाची फी 20 रुपये, पहिल्या अपिलाला फी नाही.

तुमच्या बावडीसारखी जखम आमच्याकडेही आहे. 18 जानेवारी 2024 ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. तलाव पालिकेचा, चालवायला दिलेला खासगी कंपनीला. गुजरात उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि प्रश्न थेट कंत्राटावर आला: जी कंपनी आधीच्या फेरीत अपात्र ठरली होती तिला नंतर काम कसं मिळालं? बघा, हा प्रश्न विचारायला कुठलीही गुप्त माहिती लागत नव्हती. निविदेचे कागद 2017 पासून पालिकेतच होते. आमच्यापैकी कुणीही 20 रुपये भरून ते मागू शकलं असतं. मांडवीत, दांडिया बाजारात इतकी वर्षं राहून आमच्या मराठी मंडळांनी गणपती, शारदोत्सव सगळं केलं, हे काम हातात घेतलं नाही. आता घेतोय. शहरात जेवढ्या ठिकाणी पालिकेनं बागा, तलाव, राइड्स खासगी हातात दिल्यात त्यांचे करार आणि सुरक्षा तपासणीचे रिपोर्ट आम्ही मागणार आहोत.

जुनी इंदूर

एक भीती मनात आहे ती लिहितो. तळेगावच्या सतीश शेट्टींना जानेवारी 2010 मध्ये सकाळी फिरायला गेले असताना मारलं. जमिनींचे घोटाळे माहिती अधिकारातून काढायचे ते. मी सत्तरीचा आहे, घरी आम्ही दोघंच. अर्जावर घरचा पत्ता लिहायचा म्हणजे तो ठेकेदाराच्या हातात जाणारच ना?

साइटवरचा

काका, जातो. खोटं कशाला सांगू. मी पाहिलंय.

पुण्यातला इंदूरकर

काका, तुमची भीती रास्त आहे आणि त्यावर उपाय आहे. कायद्याप्रमाणे अर्जदारानं संपर्कापुरते तपशील द्यायचे, त्यापलीकडे काहीही नाही. कलकत्ता उच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलं की पोस्ट बॉक्स नंबर दिला तरी पुरतं, आणि पुढच्या जानेवारीत केंद्राच्या कार्मिक विभागानं तो निर्णय सगळ्या मंत्रालयांना कळवला. तुमच्या घराऐवजी एखाद्या संस्थेच्या किंवा वकिलाच्या पत्त्यावर पत्रव्यवहार ठेवा. आणि एकट्यानं अर्ज टाकू नका. एकाच कामाबद्दल चारपाच जणांनी वेगवेगळे अर्ज दिले की कुणा एकाला गाठून काही मिटत नाही.

हिशेबनीस

जोडून सांगतो. मध्य प्रदेशात अर्जाला 10 रुपये, कागदाला पानामागे 2 रुपये, पहिल्या अपिलाला 50, दुसऱ्याला 100. उत्तर 30 दिवसांत. जिवाचा प्रश्न असेल तर 48 तासांत. पिण्याच्या पाण्याला वास येतोय, माणसं आजारी पडतायत आणि तुम्ही त्या टाकीचे तपासणी रिपोर्ट मागताय, तर अर्जाच्या डोक्यावर स्पष्ट लिहा की हे जीविताशी संबंधित आहे. उत्तर नाही आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तिथेही नाही तर 90 दिवसांत आयोग. माहिती अडवणाऱ्याला रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो.

अर्ज हिंदीत करा. आपल्याला मराठी कितीही जवळची असली तरी कायद्यात हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाची राजभाषा एवढंच आहे. आणि "का" विचारू नका. "रस्ता खराब का झाला" याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कार्यालयात जो कागद आहे तोच मिळतो, म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. एका अर्जात एकच काम. शहरभराची पाच वर्षांची माहिती मागितली की "फार मोठी आहे, बसून बघा" असं उत्तर येतं आणि माणूस दमतो.

साइटवरचा

बसून बघा म्हणाले तर जाच. मी एकदा दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्या खात्याच्या कामासाठी असं एमबी बघायला गेलो होतो. छायाप्रतीत जे दिसत नाही ते मूळ वहीत दिसतं. एका पानावर 0.90 च्या खोलीचा 1.50 केलेला, शाई वेगळी, शेजारी सही नाही. पुढची दोन पानं कोरी सोडलेली, त्यांच्यावर काट मारलेली नाही. कोरी जागा सोडायचीच नसते, कारण मागची तारीख टाकून तिथे काहीही भरता येतं. मी पान नंबर लिहून घेतले आणि फक्त त्याच पानांची प्रमाणित प्रत मागितली. समोर बसलेला बाबू तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बोलला.

कलम 2(j) मध्ये आणखी एक हक्क आहे जो आपल्याकडे कुणी वापरत नाही. कागदच नव्हे, काम स्वतः पाहायचा आणि मटेरियलचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्क. चालू असलेल्या कामाची खडी, काँक्रीट, पाइपचा तुकडा. रस्ता झाल्यावर ओरडण्यापेक्षा चालू असताना नमुना मागितलेला बरा.

लष्करवाला

हे माहीत नव्हतं. आमच्याकडे लष्करात एका नाल्याचं काम चालू होऊन राहिलंय, उद्याच बघतो. पण एक सांगा, ठेकेदार "आमची व्यावसायिक माहिती आहे" म्हणाला तर?

हिशेबनीस

म्हणेल. कलम 11 प्रमाणे त्याला नोटीस जाते आणि त्याला 10 दिवसांत म्हणणं मांडता येतं. पण नकार द्यायचा हक्क त्याचा नाही, निर्णय माहिती अधिकाऱ्यानं घ्यायचा. निविदा उघडून काम दिल्यावर सरकारी पैशानं काय, किती, कुठल्या दरानं घेतलं हे धंद्याचं गुपित राहत नाही, असा मुद्दा अपिलात ठामपणे मांडा.

रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. साइटवरच्यांनी उकळणाऱ्यांचा मुद्दा काढला तो मला पटतो, म्हणून आपण आपल्यापुरतं असं ठरवू: कुठल्याही अर्जात अधिकाऱ्याचं घर, कुटुंब, आजारपण, रजेचं कारण यातलं काही मागायचं नाही. नाव, हुद्दा, सही, तारीख आणि रक्कम, एवढंच. आणि मिळालेले कागद कुणालाही खासगीत दाखवायचे नाहीत, थेट इथे टाकायचे. ज्याला "मिटवून घ्या" म्हणायचंय त्याच्यासाठी मिटवण्यासारखं काही उरता कामा नये.

सुरुवात मी रामबागेतल्या ड्रेनेज लाइनपासून करतो. जुनी इंदूरकाका, तुम्ही अर्ज टाकू नका. तुमच्या भागात पाइपलाइन कधी टाकली, कुठून कुठे गेली हे तुम्हाला तोंडपाठ आहे. ते फक्त कागदावर उतरवून द्या. एमबीच्या पानांशी ताडून बघायला आमच्याकडे तेवढंच हवंय.

जुनी इंदूर

देतो. हरसिद्धीपासून खाली नदीपर्यंतचं मला सगळं आठवतं. कुठल्या साली खोदलं, कुणाच्या ओट्यापाशी चेंबर बसवलं, कुठलं चेंबर नुसतंच झाकण आहे आणि खाली काही नाही. नकाशाच काढून देतो.

सुदामानगरवाली

माझ्या गल्लीचा काँक्रीट रस्ता मी घेते. मैत्रिणी मिळून आम्ही चौघी अर्ज करू, पत्ता मंडळाचा देऊ. शिवाय पेन्शनची यादी कोणत्या रकान्यांसह लावायची याचा काही आदेश निघालेला आहे का, असेल तर त्याची प्रत, असाही एक वेगळा अर्ज देतेय. आदेशात मोबाइल नंबर लावा असं कुठे म्हटलेलं नसेल, तर पुढच्या यादीच्या वेळी तो कागद घेऊनच मी कार्यालयात जाईन. आणि इथे कागद चढवताना मधे एखाद्या रहिवाशाचं नाव, फोन, समग्र नंबर आला तर तेवढा झाकून मगच चढवा. सह्या आणि हुद्दे झाकू नका.